फटाका सायलेन्सर आणि गल्लीतले कान

नवी बुलेट घेतली की पहिल्या महिन्यातच तिचा सायलेन्सर बदलून घ्यायचा, अशी आपल्या तरुणांत पद्धतच पडली आहे. कुणी त्याला पंजाब सायलेन्सर म्हणते, कुणी इंदोरी फटाका. मोठ्या शहरांत पैसेवाल्यांची मुले स्पोर्ट्स कारलाही असाच मोठ्या आवाजाचा पाइप बसवतात. पण ती गाडी रुंद रस्त्यावरून निघून जाते आणि तिचा मालक बंद काचांच्या घरात झोपतो. आपल्या वस्तीत गल्ली अरुंद, घरे समोरासमोर, उन्हाळ्यात दारे उघडी. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत राहतो आणि डोक्यावरचा पत्रा थरथरतो.

मूळ सायलेन्सर काय करतो ते आधी पाहू. इंजिनात पेट्रोलचा प्रत्येक भडका झाला की तापलेला वायू जोराने बाहेर पडतो. तो सरळ बाहेर आला तर प्रत्येक वेळी बार उडाल्यासारखा आवाज होईल. म्हणून सायलेन्सरच्या आत कप्पे आणि भोकांच्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा त्यात एकमेकींवर आपटून मरतात, काही सायलेन्सरांत आतले लोकरीसारखे अस्तर उरलेला आवाज शोषते. बाजारातला फटाका सायलेन्सर म्हणजे बहुधा आतून पोकळ नळी. गाडी मध्येच ‘फाट’ करून फुटते, तेव्हा न जळलेले पेट्रोल त्या तापल्या नळीत पेटलेले असते. नव्या गाड्यांत धुरातले विषारी वायू कमी करणारा कन्व्हर्टरही याच पाइपात बसवलेला असतो. पाइप बदलताना पुष्कळदा तोही निघतो. म्हणजे आवाजाबरोबर कार्बन मोनॉक्साइडही गल्लीत जास्त येतो.

आता थोडे आकडे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि या मोजणीची गंमत अशी की 10 डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते, 20 वाढले तर शंभरपट. 175 सीसीच्या वरची मोटारसायकल कारखान्यातून बाहेर पडताना साडेसात मीटरवरून मोजलेला तिचा आवाज 80 डेसिबलच्या आत असावा लागतो. असे प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक आपल्याच नगरची आहे, संरक्षण खात्याची व्हीआरडीई. म्हणजे गाडीचा आवाज कायद्यात बसतो की नाही हे ठरवणारी माणसे आपल्याच जिल्ह्यात बसतात, आणि ते मोजमाप एका पान्याने गॅरेजमध्ये अर्ध्या तासात निकाली निघते. राहत्या वस्तीसाठी 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे.

सर्वांत आधी कान जातात ते चालवणाऱ्याचेच. कानाच्या आत शंखासारख्या भागात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. मोठ्या आवाजाने त्या वाकतात, दमतात, शेवटी मरतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही आणि तिच्यावर औषधही नाही. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसण्यासारखा धरतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. 100 डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटे. त्रास एका दिवसात कळत नाही. आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, मग गर्दीत समोरच्याचे बोलणे समजत नाही, आणि रात्री शांततेत कानात सतत ‘कुंई’ वाजत राहते. हे विशीतल्या मुलाला होऊ शकते.

घरात झोपलेल्यांचे नुकसान वेगळे आहे. माणूस जागा झाला नाही तरी शरीर दचकते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. रस्त्याच्या आवाजाचा आणि हृदयविकाराचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केला आहे. आपल्या वस्तीत एमआयडीसीत रात्रपाळी करून दिवसा झोपणारे कामगार आहेत, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या आजी आहेत, बाळंतिणी आहेत. त्यांना तिथून उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही, कारण दुसरी खोलीच नाही. अभ्यासाचेही तेच. परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाबासाहेबांना वडील पहाटे दोनला उठवत, कारण तेव्हा कुठे घर शांत होई. दहावीची मुले आजही त्याच वेळेची वाट पाहतात. त्या वेळेला गाडी फुटली की ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते.

मग मुले हे करतात कशाला? नुसती मस्ती म्हणून सोडून देणे मला पटत नाही. ज्या वेशीतून आजोबांना वहाणा हातात घेऊन जावे लागे, तिथून नातू स्वतःच्या कमाईची बुलेट वाजवत जातो, त्यात त्याला मान वाटतो. तो मान खोटा नाही. पण वेशीवर आवाज दोन मिनिटे घुमतो, बाकीचा सगळा आपल्याच आईच्या उशाशी. आणि गाडी रुबाबदार दिसायला आवाजाची गरजही नाही.

कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, शिवाय तीन महिने लायसन्स जाते. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी काढून घेतलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. कारवाईत आपलीच मुले आधी अडवली जातात, ही तक्रार वस्त्यांमध्ये ऐकू येते. तिचा राग रास्त असला तरी त्याने आजीचा बीपी उतरत नाही. म्हणून पोलीस येण्याआधी विहारात बसून बोललेले बरे. जयंती मंडळांनी 14 एप्रिलच्या रॅलीत मूळ सायलेन्सरच्याच गाड्या घ्यायचे ठरवले तर निम्मे काम होते, कारण त्या दिवसासाठीच पुष्कळजण सायलेन्सर बदलतात. मुलाला चारचौघांत रागावू नये. मित्राने सांगितलेले तो लवकर ऐकतो. गॅरेजवाल्याकडून मूळ सायलेन्सर मात्र आठवणीने घरी आणा, नाहीतर तो भंगारात जातो आणि परत बसवायला नवा विकत घ्यावा लागतो.

कानात दोन दिवसांपेक्षा जास्त आवाज येत राहिला, मूल टीव्ही मोठा करू लागले, हाक मारल्यावर बघत नाही असे दिसले, तर जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात तपासून घ्या. एकदम ऐकू येणे कमी झाले तर त्याच दिवशी जा, अशा वेळी उशीर महागात पडतो. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना मुलाच्या ऐकण्याबद्दल मुद्दाम सांगा. कानात गरम तेल घालू नका. कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. रात्रपाळीवाल्यांना मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे वापरता येतील. ते नीट पिळून, कान किंचित वर ओढून आत बसवावे लागतात. लहान बाळाच्या कानात मात्र काहीही घालू नये.