रात्री चार्जिंगला लावलेली बॅटरी आणि एका खोलीचे घर

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी रात्री चार्जिंगला लावली होती. पहाटेच्या वेळी तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावला. त्याच महिन्यात सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली, धूर वरच्या लॉजमध्ये चढला आणि आठ माणसे गेली.

अशा घटना घडल्या की वस्तीत दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक म्हणतो, नशिबात होते. दुसरा म्हणतो, ही इलेक्ट्रिकची गाडीच वाईट. दोघांचेही खरे नाही. बॅटरी का पेटते याला कारण आहे, ते कारण आपल्याला समजू शकते, आणि समजले तर पुष्कळ काही टाळता येते. मोबाईल, पॉवर बँक, केस कापायचे मशीन, टॉर्च, स्कूटर या सगळ्यांत आज बहुधा एकाच जातीची बॅटरी असते, लिथियम-आयन. म्हणून ज्यांच्या घरी स्कूटर नाही त्यांनीही हे वाचावे.

स्कूटरची बॅटरी बाहेरून एक पेटी दिसली तरी आत बहुधा बोटाएवढ्या सेलची रांगच असते. त्यातला सर्वांत जुना ओळखीचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. सेल उघडला (उघडू नये!) तर आत तांब्याचा आणि अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा सतरंजीसारखा गुंडाळलेला असतो. दोन्ही पत्र्यांवर मसाल्याचा लेप असतो. मध्ये केसाहून पातळ असा प्लास्टिकचा पडदा, आणि सगळे भिजलेले एका द्रवात. हा द्रव पेट घेणारा आहे. म्हणजे सगळा भरवसा त्या पातळ पडद्यावर. सेल चेपला, टोचला, गरजेपेक्षा जास्त भरला किंवा फार तापला की पडदा हार खातो. साधारण १३० अंशांच्या आसपास तो वितळतो, दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, त्यातून आणखी उष्णता, आणि शेजारचा सेल तापतो. एक पेटला की रांगेतला दुसरा पेटतो. काही जातींचे सेल तापल्यावर स्वतःच ऑक्सिजन सोडतात. म्हणून घोंगडी टाकून किंवा वाळू टाकून ही आग गुदमरत नाही.

हे होऊ नये म्हणून चांगल्या बॅटरीत एक छोटे सर्किट बसवलेले असते. त्याला बीएमएस म्हणतात. ते प्रत्येक रांगेचा व्होल्टेज बघते, आणि थर्मिस्टर नावाच्या मण्याएवढ्या भागावरून आतली उष्णता मोजते. मर्यादा ओलांडली की चार्जिंग बंद करते. २०२२ च्या आगींनंतर सरकारने एआयएस-१५६ हे मानक कडक केले. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. परंतु गल्लीतल्या दुकानात जुन्या लॅपटॉपचे सेल काढून, डाग देऊन जुळवलेल्या पॅकची ही परीक्षा कोण घेतो? स्वस्तात मिळतो म्हणून आपली मुले तोच पॅक घेतात. त्यात थर्मिस्टर नसला तर बाहेरून कळत नाही. दुकानदाराला सरळ विचारावे : सेल नवे की जुने, बीएमएसला उष्णतेचा सेन्सर आहे का, आणि पावती देणार का. पावती द्यायला जो कां-कूं करतो त्याचा पॅक घेऊ नये.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात पुष्कळांची फसगत झाली आहे. ई-सिगारेट किंवा व्हेप नावाचे यंत्र. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने त्याचे उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळे बंद आहे, आणि आपल्या मुलांच्या खिशात ते नसावे हे वेगळे सांगायला नको. पण परदेशात त्याचा मोठा वापर झाला. त्यातल्या महाग यंत्रांवर तापमान नियंत्रणाची सोय असते, पडद्यावर अंशांचा आकडा येतो. लोकांना वाटते यंत्र सुरक्षित आहे. प्रत्यक्षात तो आकडा आतल्या तारेचा असतो. निकेल, टायटॅनियम किंवा स्टीलची तार तापली की तिचा विद्युत रोध वाढतो, त्यावरून यंत्र हिशेब करते. स्क्रू ढिला असला, तारेची जात चुकीची निवडली किंवा तार गरम असतानाच पहिले माप घेतले तर हा हिशेबही चुकतो. आणि हिशेब बरोबर आला तरी तो तारेचाच. सेल किती तापला ते त्या आकड्यावरून कळत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या अशा १९५ घटना गोळा केल्या. त्यांत ६१ वेळा यंत्र किंवा सुटा सेल नुसता खिशात होता. सुट्या सेलच्या दोन टोकांना खिशातली किल्ली किंवा नाणे टेकले तरी तो पेटायला पुरेसे होते. टॉर्चचा जादा सेल खिशात टाकून रात्रपाळीला जाणाऱ्या वॉचमन बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवावा.

तेव्हा दिव्यावर किंवा आकड्यावर विसंबू नये, बॅटरीवर हात ठेवावा. चार्जिंग होताना ती कोमट लागणे ठीक. हात ठेववत नाही इतकी गरम झाली, पोट फुगले, गोडसर औषधासारखा वास आला, काल चार तासांत भरणारी आज तासाभरात भरली आणि लगेच उतरली, तर ती बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. फुगलेला मोबाईल दाबून बसवायचा नाही, टाचणीने टोचायचा नाही.

चार्जरची अदलाबदल हा आपल्या वस्तीतला मोठा दोष. शेजारच्या दादाचा चार्जर आहे, पिन बसते, लावला! पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे नाही. ४८ व्होल्टच्या पॅकमध्ये पुष्कळदा १३ सेल ओळीने असतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे चार्जर ५४.६ व्होल्टचा हवा. त्याला ६० व्होल्टच्या गाडीचा चार्जर लावला तर अडवायला एकटा बीएमएस उरतो, आणि तो स्वस्तातला असला तर तोही नाही. चार्जरच्या पाठीवर आकडा छापलेला असतो. घरात शिकणारी मुलगी असेल तर तिच्याकडून तो वाचून घ्यावा आणि चार्जरवर गाडीचा नंबर लिहून ठेवावा.

उन्हाळ्याचे काय? बहुतेक सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला हवाच तेवढी तापते, पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त. त्यात गाडी दिवसभर पळवून आलेली बॅटरी आतून गरम असते. घरी आल्याबरोबर लावू नये, तासभर निवू द्यावी.

पण खरी अडचण पुढेच आहे. डिलिव्हरीचे काम करणारा मुलगा रात्री बारा वाजता येतो. तासभर थांबून एकला बॅटरी लावायची म्हणजे सगळे घर झोपलेले. सकाळी सहाला उठून लावली तर कामावर जायला उशीर. ज्यांच्या सोसायटीत तो जेवण पोचवतो तिथे पार्किंगमध्ये त्याला प्लग मिळत नाही, आणि जे काम घेतात ते म्हणतात गाडी तुझी, चार्जिंग तुझे. आमच्या मते हा भार कामगाराच्या झोपडीवर टाकणे अन्यायाचे आहे. मोठ्या शहरांत बॅटरी बदलून देणारी केंद्रे झाली आहेत. भाड्याने गाडी घेणाऱ्याने शक्यतो तीच सोय असलेली गाडी घ्यावी. स्वतःची असेल तर निदान रात्री झोपेत चार्जिंग नको, मग थोडा उशीर झाला तरी चालेल.

घरात लावावीच लागली तर जागेचा विचार करा. पुष्कळ घरांत बोर्ड दाराजवळ असतो म्हणून बॅटरीही दाराजवळ. एका खोलीच्या घरात दार एकच. तिथेच आग लागली तर बाहेर कसे पडणार? कॉटखाली नको, गादीवर नको, गॅस सिलिंडरजवळ नको. चाळीच्या जिन्यातही नको, तो सगळ्यांचा रस्ता आहे. दारापासून लांबच्या कोपऱ्यात उघड्या फरशीवर, आजूबाजूला कपडे-कागद नसलेली जागा बरी. एक्स्टेंशन बोर्डावर टीव्ही, पंखा आणि बॅटरी एकत्र लावू नये.

फुसफुस आवाज आला किंवा धूर निघाला तर बॅटरी उचलून बाहेर नेण्याचा पराक्रम करू नये. आधी मुले आणि म्हातारी माणसे बाहेर, मागे दार ओढून घ्यावे, १०१ किंवा ११२ ला फोन करावा. तो धूर विषारी असतो. मोबाईल किंवा पॉवर बँकेसारखी लहान वस्तू पेटली आणि प्लग काढलेला असेल तर लांबून भरपूर पाणी ओतावे. पाण्याने शेजारचे सेल निवतात. विझलेली बॅटरी काही तासांनी परत पेटू शकते, म्हणून ती घरात आणू नये. कुणी भाजले तर वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. स्वच्छ कापड झाकून दवाखाना गाठावा.

आणि जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चेपतो, आणि पहिला हात भाजतो तो कचरा वेचणाऱ्या बाईचा किंवा सफाई कामगाराचा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी ती बनवणाऱ्यावर आहे. जिथून घेतली त्या दुकानात परत न्यावी. नेईपर्यंत दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवावी.