अडगळीतला संगणक भंगारात घालण्याआधी

भाईंदरच्या मिठागरांवरून येणारा वारा लोखंडाला सोडत नाही, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. १९८५ मध्ये इथल्या ग्रामपंचायती एकत्र होऊन मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. पण खारी हवा तीच राहिली. या हवेत पंपाची मोटर गंजते, तसा कपाटामागे टाकलेला जुना संगणकही गंजतो. किनारपट्टीच्या गावांत शाळेत, सोसायटीत, ग्रामपंचायतीत असे एखादे धूड तुम्हीही पाहिले असेल. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, पण चालू आहे की बंद, हे कोणालाच ठाऊक नाही.

सरपंच, अधिकारी व शेतकरी बंधूंनो, तो भंगारात घालण्याआधी एकदा तपासा. त्यासाठी जुनी पण खात्रीची युक्ती आहे : चित्रे काढणारा छोटा कार्यक्रम, म्हणजे ग्राफिक्स डेमो, त्यावर चालवून बघायचा.

आधी बॅटरी, मग बटण

तुम्ही म्हणाल, बटण दाबलं की झालं! तसे करू नका. २८६, ३८६ जातीच्या यंत्रात मुख्य पाटीवर छोटी बॅटरी डाखलेली असते. ती फुटून तिचा क्षार पसरतो आणि तांब्याच्या रेघा खातो. जाणकाराकडून ती आधी काढून घ्या, धूळ झाडा, जोडण्या साफ करून घ्या. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरची आणि वीज पुरवणाऱ्या डब्याची पाठ मात्र उघडू नका. आत जिवावर बेतेल एवढा दाब राहतो. हार्ड डिस्कमध्ये जुनी वसुली, जुने ठराव असतील तर जोडणी लावून ते नव्या संगणकात उतरवून घ्या. ही नक्कल सर्वात आधी.

दळण आणि भाकरी

बोर्लंड कंपनीच्या टर्बो सी या साधनाबरोबर 'बीजीआयडेमो' नावाची फाइल येत असे. त्यात माणसाला वाचता येतील अशा ओळी असतात, पण यंत्राला त्या कळत नाहीत. तांदूळ गिरणीत घातल्यावरच भाकरीचे पीठ मिळते, तसे या ओळींचे यंत्राच्या भाषेत दळण करावे लागते. यालाच कंपाइल करणे म्हणतात. फाइल उघडा, पर्यायांच्या यादीत ग्राफिक्स लायब्ररी चालू करा, एफ-९ दाबून दळण करा आणि कंट्रोलसह एफ-९ दाबून चालवा.

पुष्कळदा इथेच गाडी अडते. ड्रायव्हर फाइल सापडत नाही, असा संदेश येतो. घाबरू नका, यंत्र बिघडलेले नाही. 'ईजीएव्हीजीए.बीजीआय' ही फाइल आणि अक्षरांच्या 'सीएचआर' फाइली डेमो चालतो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. मग रेषा, वर्तुळे, उभे स्तंभ, पोळीच्या तुकड्यांसारखा आलेख एकामागून एक पडद्यावर येतात. पुढच्या चित्रासाठी कळ दाबायची, थांबायचे असेल तर एस्केप. सगळी चित्रे स्वच्छ आली तर पडदा आणि चित्राचे कार्ड ठीक आहेत असे समजा.

आपल्या अक्षराचा प्रश्न

हे चित्रांचे खेळ आपल्या काय कामाचे? ऐका. त्या काळच्या संगणकाच्या अक्षरी पडद्यावर ८० रकाने, २५ ओळी आणि कार्डात कोरलेली २५६ ठरीव चिन्हे, एवढेच असे. त्यात 'क्ष', 'ज्ञ', वेलांटी, रफार बसणार कुठे? १९८७ मध्ये आलेल्या व्हीजीएच्या पडद्यावर ६४० गुणिले ४८०, म्हणजे ३ लाख ७ हजार २०० ठिपके १६ रंगांत उमटवता येत. ठिपके जोडून अक्षर काढले की मराठी दिसू लागे. पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' कार्ड काढून ही सोय केली. भूमी अभिलेख संगणकावर आणण्याचा केंद्राचा पहिला प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात आपला वर्धा जिल्हा होता. आज सातबारा मोबाइलवर निघतो, त्याआधी आपल्या अक्षराला पडद्यावर एवढी वाट काढावी लागली.

मुलांच्या हाती द्या

यंत्र चालले तर शाळेला द्या. डेमोच्या आलेखातले आकडे बदलून गावचा पाऊस किंवा घरपट्टीची वसुली घालायला मुलांना सांगा. चूक कुठे झाली, हे यंत्र लगेच दाखवते. यंत्र चाललेच नाही तर नव्या संगणकावर डॉसबॉक्स टाकून हाच डेमो चालवता येतो. मुलांचे शिकणे अडत नाही.

आणि अगदीच निकामी असेल, तर रीतसर निर्लेखन करून नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच सोपवा. तारेतले तांबे काढायला शेताच्या बांधावर जाळू नका. मॉनिटरच्या काचेत शिसे असते, ती फोडून मातीत टाकू नका. जमीन शेवटी आपलीच आहे.