पुणें घडविणाऱ्या स्त्रिया

धरमतरच्या खाडीजवळील आमच्या डोलवी गांवांतून पुष्कळ मुलें पुढील शिक्षणासाठीं घाट चढून पुण्यास जातात. पुण्याचा इतिहास आम्हीं शाळेंत अनेक वर्षें शिकविला. एकदां धडा चालू असतां एका मुलीनें विचारिलें, "गुरुजी, जिजाबाईंनंतर पुण्यांत बायका नव्हत्याच काय?" वर्गांत हशा पिकला. आम्हीहि हंसलों आणि धडा पुढें नेला. तें हंसणें आज सेवानिवृत्तींत आम्हांस बोंचतें. म्हणून उशिरां कां होईना, तिच्या प्रश्नाचें उत्तर येथें देत आहों.

१६३० च्या सुमारास उद्ध्वस्त झालेलें पुणें जिजाबाईंच्या आणि दादाजी कोंडदेवांच्या देखरेखीखालीं पुन्हां वसलें, हें सर्वश्रुत आहे. त्यानंतर दोन शतकांनीं, १८४८ सालीं, बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढिली. शिकवावयास जातांना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण व चिखल फेंकला जाई, असें चरित्रकार सांगतात. विद्येचा वारसा सांगणाऱ्या समाजांतूनच हा विरोध झाला, हें आपण विसरूं नये. १८९७ च्या प्लेगांत त्याच नगरांतील रोग्यांची शुश्रूषा करीत असतां सावित्रीबाईंस मृत्यु आला.

विरोध केवळ रस्त्यावरच होता असें मात्र नाहीं. १८७३ सालीं लग्न होऊन रमाबाई रानडे माधवरावांच्या घरीं आल्या, तेव्हां त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. पतीनें शिकविण्यास आरंभ केला आणि घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष रमाबाईंवर ओढवला. टोमणे आणि अबोला म्हणजे काय, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको. रमाबाईंनीं वडिलांचा मान राखिला, पण पाटी सोडली नाहीं. १९०१ सालीं वैधव्य आलें. तरी त्या कोपऱ्यांत बसल्या नाहींत. १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन सुरू झालें. तेथें प्रौढ स्त्रिया व विधवा शिकूं लागल्या, शिक्षिका झाल्या, सासून रुग्णालयांत परिचारिकेचें काम शिकूं लागल्या. सोवळ्या घरांतील बाईनें परक्याची जखम धुवावी, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. १९२० च्या सुमारास सक्तीचें प्राथमिक शिक्षण मुलांपुरतेंच ठेवण्याचा विचार नगरपालिकेंत चालला, तेव्हां मुलींच्या हक्कासाठीं रमाबाईंच्या नेतृत्वाखालीं स्त्रिया रस्त्यावर आल्या.

वाड्यांचे दगड मोजतां येतात. पण एका बाईस अक्षर आलें म्हणजे पुढें किती घरें उजळतात, याची मोजदाद बखरींत सांपडत नाहीं. म्हणूनच असा इतिहास घराघरांतून सांगावा लागतो. सायंकाळीं दिवेलागणीनंतर मुलांबाळांस ही नांवें अवश्य सांगावीं, आणि एखाद्या मुलीनें प्रश्न विचारिला तर तिला हंसूं नये.

आमची ती विद्यार्थिनी पुढें पुण्यास शिकली आणि आतां स्वतः शिक्षिका आहे, असें कळतें. हें उत्तर तिच्या वाचनांत आलें, तर गुण तिनेंच द्यावे. उशिराबद्दल थोडे कापले तरी आमची तक्रार नाहीं.