कण लहान झाला, तर काय होते?

मुलांनो, शेगडी पेटवताना अम्मी गॅस लायटरचा खटका दाबते. 'टक्' असा आवाज होतो आणि ठिणगी पडते. लायटरमध्ये काडी नसते, बॅटरीही नसते. मग ही ठिणगी येते कोठून?

लायटरच्या आत एक लहानसा, चिनी मातीसारखा दिसणारा तुकडा असतो. तो लेड झिरकोनेट टायटेनेट या पदार्थाचा असतो. त्याच्यावर जोराचा घाव बसला की हजारो व्होल्टचा विद्युतदाब निर्माण होतो व ठिणगी उडते.

अशा पदार्थांना 'फेरोइलेक्ट्रिक' म्हणतात. 'फेरो' म्हणजे लोखंडाचा. पण या पदार्थात लोखंड असावेच लागते असे नाही. चुंबकात जसे उत्तर व दक्षिण ध्रुव टिकून राहतात, तसे या पदार्थांत विजेचे धन व ऋण ध्रुव टिकून राहतात. बाहेरून पुरेसा विद्युतदाब दिला, तर त्यांची दिशा उलटवता येते. १९२१ मध्ये अमेरिकेतील जोसेफ व्हॅलासेक या शास्त्रज्ञाने हा गुण रोशेल क्षारात प्रथम दाखवला.

बेरियम टायटेनेट हा असाच एक प्रसिद्ध पदार्थ आहे. त्याची रचना एकावर एक रचलेल्या इवल्याशा पेट्यांसारखी असते. प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यांवर बेरियम, सहा बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजन आणि आत टायटॅनियम असतो. ही पेटी एका दिशेने सुमारे एक टक्का लांबट असते आणि टायटॅनियम मध्यापासून किंचित सरकलेला असतो. त्यामुळेच विजेचे ध्रुव तयार होतात. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यास पेटी चौकोनी ठोकळ्यासारखी होते आणि हा गुण नाहीसा होतो. आपल्या नागपूरचा मे महिन्यातला पारा पंचेचाळीसच्या वर गेला, तरी त्याला धोका नाही!

हा पदार्थ विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये वापरतात. एका मोबाइलमध्ये असे शेकडो कपॅसिटर असतात. त्यांत या पदार्थाचे पातळ थर एकावर एक बसवलेले असतात. थर जितका पातळ, तितके त्यातील कण बारीक हवेत. मग कण हवे तेवढे बारीक करावेत का?

येथेच खरी अडचण आहे. शरबतात खडीसाखर हळूहळू विरघळते, पिठीसाखर लगेच विरघळते. कारण कण बारीक झाले की त्यांचा पृष्ठभाग वाढतो. आता एक हिशोब करू. प्रत्येक कडेला १०० पेट्या असलेला ठोकळा घेतला, तर शंभरांतील सुमारे ६ पेट्याच बाहेरच्या बाजूस येतात. कडेला १० पेट्या असतील, तर एकूण १,००० पैकी ४८८ पेट्या बाहेर येतात. म्हणजे जवळजवळ निम्म्या!

बाहेरच्या पेटीला एका बाजूने शेजारी नसतो. तिचे काही बंध तुटलेले असतात. कण पाण्यात तयार केला असेल, तर हायड्रोजन व ऑक्सिजनचे गट त्याला चिकटतात. त्यामुळे तेथील रचना आतल्यासारखी राहत नाही. कण लहान होत गेला की या बिघडलेल्या सालीचा वाटा वाढतो, पेट्यांचा लांबटपणा कमी होतो आणि शेवटी फेरोइलेक्ट्रिक गुण नाहीसा होऊ शकतो.

हा गुण नेमका कोणत्या आकाराला जातो? निरनिराळ्या प्रयोगांत सुमारे १०० नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. उत्तरांत फरक पडतो, कारण कण कसा तयार केला आणि त्याचा पृष्ठभाग कसा आहे, यावरही सारे अवलंबून असते. भाजून घट्ट केलेल्या बेरियम टायटेनेटची विद्युतभार साठवण्याची क्षमता तर कण सुमारे एक मायक्रोमीटरचा असताना सर्वांत चांगली आढळते. त्याहून फार मोठा कणही चालत नाही आणि फार बारीकही नाही.

इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पदार्थांवर संशोधन करणारी 'सी-मेट' ही संस्था आपल्या राज्यात पुण्याला आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना केवळ पूड बारीक करून भागत नाही. कणाचा आकार आणि त्याचा पृष्ठभाग, दोन्ही सांभाळावे लागतात. पुढच्या वेळी लायटरची ठिणगी पाहाल, तेव्हा त्या इवल्याशा पेट्या जरूर आठवा.