समुद्राकाठची ओसरी

आमच्या मुकुटबनहून समुद्र कुठल्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर. मे महिन्यात इथे पारा 45च्या आसपास असतो. अशा गावात बसून चार्ल्स कोरियांनी किनाऱ्यावर बांधलेल्या घरांचा अभ्यास करण्याचे कारण अगदी घरगुती आहे. वडिलांनी कवेलूचे जुने घर पाडून स्लॅब टाकला, तेव्हा ओसरी गेली. आता मुलाला वरचा मजला चढवायचा आहे आणि त्याच्या मोबाइलमध्ये अलिबागच्या बंगल्यांचे फोटो आहेत. पश्चिमेला सगळी काचच काच! त्याला नुसते ‘नको’ म्हणून भागणार नव्हते.

कोरिया मूळचे गोव्याच्या घराण्यातले, जन्म 1930 साली सिकंदराबादेत. अमेरिकेत शिकून परतल्यावर 1958 पासून त्यांनी मुंबईत स्वतंत्र काम सुरू केले. काँक्रीट, सरळ रेषा, उघडी चौकट ही त्यांची भाषा आधुनिक वास्तुकलेचीच. पण घराचा आकार हवामानाने ठरवावा, हा त्यांचा आग्रह.

मुंबईतली अडचण अशी, की समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, अन् दुपारचे तिरपे ऊन आणि पावसाचा माराही पश्चिमेकडूनच. खिडकी उघडावी तरी पंचाईत, न उघडावी तरी पंचाईत. जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली होती: राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा फिरवायचा, ऊनपाऊस त्याने झेलायचा. कंबाला हिलवरच्या ‘कांचनजंगा’त (1970–83) कोरियांनी हाच व्हरांडा उंच इमारतीत नेला. तळाशी 21 मीटरचा चौरस, उंची 84 मीटर, घरे 32. इमारतीचे कोपरे कापून काढल्यासारखे दिसतात. ती दोन मजले उंचीची, वर छप्पर असलेली अंगणे आहेत. खोली त्यांच्या मागे, सावलीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला ही सजावट वाटते. खरे तर ती ओसरी आहे.

ही श्रीमंतांची घरे, हे मान्य. म्हणून मला बेलापूरची वसाहत अधिक मोलाची वाटते. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह कोरियांनी 1960च्या दशकात खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली. पुढे सिडकोचे ते मुख्य वास्तुविशारद झाले. बेलापूरला (1983–86) त्यांनी सात-सात घरे 8 मीटरच्या एका चौकाभोवती बसवली. शेजाऱ्यांत सामाईक भिंत नाही, त्यामुळे ज्याला जसे जमेल तसे घर वाढवता यावे. लोकांनी वाढवलेही, कित्येक घरांचे मूळ रूप आता ओळखू येत नाही. अभ्यासक हळहळतात. मला त्यात वाईट वाटण्यासारखे फारसे दिसत नाही.

पण मुकुटबनला यातले काय लागू? दमट किनाऱ्यावर वारा आरपार खेळवावा लागतो. आपल्याकडे मेमधला वारा म्हणजे झळ, ती दुपारी घरात घ्यायची नसते. आपल्यासाठी धडा आहे तो कोरियांनी 1961–62च्या सुमारास अहमदाबादेत बांधलेल्या ‘ट्यूब हाऊस’चा. घर अरुंद आणि लांब, छप्पर उतरते. तापलेली हवा उताराच्या आतल्या बाजूने वर चढते, माथ्याच्या झरोक्यातून निघून जाते आणि तिच्या जागी खालून तुलनेने थंड हवा ओढली जाते. दारालगतच्या झडपांनी ती कमी-जास्त करायची. ते घर आज उभे नाही. आपल्या कवेलूंच्या फटींतून मात्र असेच काहीसे घडत असे. सपाट स्लॅबने ती वाट बंद केली. शिवाय तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खाटेवर ओततो. मग कूलर आणा.

हे सारे मी मुलाला कागदावर काढून दाखवले. पश्चिमेला सहा फुटांची ओसरी, जिन्याच्या माथ्यावर झरोका. त्याने मिस्त्रीला बोलावले. मिस्त्रीने टेप लावला आणि सांगितले, ‘‘भाऊ, ओसरी सोडली तर एक खोली कमी होते.’’

मुलगा अजून हिशेब करतो आहे.