आजींना कुणी विचारलं का?

न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. मुलुंड असो की बोरिवली, पुढचं सारं ठरलेलं. सर्जन एक्स-रे उजेडाला धरतात आणि बोलतात मुलाशी. आजी खाटेवर छताकडे बघत पडलेल्या. “आईंना काही सांगू नका हं, घाबरतील,” हे सूनबाईंचं वाक्यही ठरलेलं! मग कागद पुढे येतो आणि सही होते मुलाची.

मैत्रिणींनो, यात माया असते, नाही कशी? पण कायदा वेगळं सांगतो. दिल्लीत एका बाईंना तपासणीसाठी भूल दिलेली असताना, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय काढलं गेलं. जीव काही तातडीनं धोक्यात नव्हता. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली स्पष्ट केलं, की जाणत्या प्रौढ रुग्णाच्या वतीनं आईची संमती चालत नाही. मग सत्तरी ओलांडली म्हणून आजी अजाण कशा ठरतात?

अर्थात सहीआधी बोलणं हवं. आपण विचारतो, “किती टक्के आशा?” आजींच्या मनात असतं, संडासला एकटीनं जाता येईल का? बिनलिफ्टचा तिसरा मजला चढवेल का?

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सर्जन डॉ. ग्रेचेन श्वार्झे आणि सहकाऱ्यांनी यावर साधी युक्ती काढली. कागदावर दोन उभ्या रेघा ओढायच्या. एक ऑपरेशनची, दुसरी ऑपरेशन न करण्याची. प्रत्येकीच्या वर तारा, म्हणजे सगळं उत्तम झालं तर. खाली चौकोन, म्हणजे सगळं बिघडलं तर. मधे लंबगोल, म्हणजे या रुग्णाचं बहुधा काय होईल ते. आणि प्रत्येक खुणेपाशी पुढचे दिवस कसे जातील, ते गोष्टीसारखं सांगायचं.

खुब्याच्या बाबतीत बहुतेकदा ऑपरेशनच बरं, आणि तेही एक-दोन दिवसांत. नुसतं पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. पण हृदय, मूत्रपिंडं थकलेल्या, आधीच अंथरुणाला खिळलेल्या नव्वदीच्या आजींचं काय? तिथे दोन्ही लंबगोल फार लांब नसतील. दुखणं कमी ठेवून घरी राहणं त्यांना जास्त मोलाचं वाटेल. किंवा नाहीही वाटणार. विचारल्याशिवाय कळणार कसं?

तेव्हा डॉक्टरांना बिनदिक्कत सांगावं, “डॉक्टर, जरा आईंशीच बोला ना, बसून, सावकाश.” आणि हो, रुग्णालयात निघताना घाईत कानाचं यंत्र आणि चष्मा घरीच राहतो. तेवढं आठवणीनं पिशवीत टाका.