नरसिंहाच्या तोंडाला तेज

वैशाखातली टळटळीत दुपार. कळवणच्या बाजार समितीकडे उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर एकामागून एक चाललेत आणि रस्त्याकडेच्या या घराच्या पडवीत नरसिंह उताणा पडलाय. सुरगाण्याकडच्या एका गावातल्या बोहाड्याचे मुखवटे रंगवायला आलेत. गणपतीची सोंड डागडुजी होऊन भिंतीला टेकलीय, वेताळ अजून गोणपाटातच आहे. रात्रभर संबळ-पावरीवर नाचणाऱ्यांच्या तोंडावर हे चढणार. म्हणजे आतून घाम, बाहेरून पहाटेचा गारवा, धूळ, टेंभ्याची धग आणि हाताळणं, सगळं आलं.

रंगवणारे दोघं. मामा आयुष्यभर ऑइल पेंटनं मुखवटे रंगवत आलेत. भाचा नाशिकला ए.टी.डी. करून आलाय आणि सोबत अ‍ॅक्रिलिक गुआशच्या ट्यूबा घेऊन आलाय. होल्बाइन या जपानी कंपनीच्या आहेत, वीस मिलीची एकेक.

मामा ट्यूब उलटसुलट करून बघतात. “एवढ्याशा ट्यूबच्या पैशात पोरांच्या रंगाचा आख्खा डबा येतो की.”

“येतो. पण हे बघा मामा.”

भाचा पुठ्ठ्याचा तुकडा पुढे सरकवतो. त्यावर लाल रंगाचे दोन पट्टे, वाळून खडखडीत झालेले. दिसायला जुळे भाऊ, दोन्ही मंद, बिनचकाकीचे. तो बोट पाण्यात बुडवून पहिल्यावर घासतो. बोट लाल. तो पोस्टर कलर. दुसऱ्यावर घासतो, जोर लावून घासतो. बोट कोरडं निघतं. मामा स्वतःचा अंगठा थुंकीनं ओला करून खात्री करून घेतात. माझ्या मते ही चाचणी जास्त खरी, कारण मुखवट्याच्या आत शेवटी असंच काहीतरी लागणार.

रंगाची पूड दोन्हीकडे सारख्याच जातीची असते. फरक तिला धरून ठेवणाऱ्या पदार्थात. गुआश आणि पोस्टर कलर यांत डिंकासारखा चिकटा असतो. पाणी लागलं की तो पुन्हा सुटतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे: वाळलेल्या निळ्यावर पिवळी रेघ ओढायला जावं तर खालचा निळा जागा होऊन वर येतो आणि रेघ हिरवट पडते. अ‍ॅक्रिलिक गुआशात पाण्यात विखुरलेले अ‍ॅक्रिलिकचे बारीक कण असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतात, आणि तो पाण्याला दाद देत नाही. साध्या अ‍ॅक्रिलिकचीही हीच तऱ्हा, पण ते थोडं चकाकतं. यात रंगद्रव्य ठासून भरलेलं आणि चमक मारणारी पूड मिसळलेली, म्हणून पृष्ठभाग मखमली राहतो. पुस्तकांची चित्रं काढणाऱ्यांना तो आवडतो तो त्यामुळेच. चित्राचा फोटो काढा, स्कॅन करा, कुठे उजेड परावर्तित होत नाही.

भाचा आता नरसिंहाच्या गालावर पॉलिश पेपर फिरवतोय. जुन्या ऑइल पेंटच्या गुळगुळीत थरावर हा रंग धरत नाही, म्हणून आधी तो खरवडायचा. वरचा पिवळा जातो, खाली गुलाबी निघतो, त्याखाली हिरवा, एका ठिकाणी गेरूसारखा तांबडा, आणि मग कागदाच्या लगद्याचा करडा. किती वर्षांचे बोहाडे गालाच्या एका रुपयाएवढ्या वर्तुळात दिसतात. मामांना गडाची आठवण येते. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप २०२२ मध्ये उतरवला तेव्हा आतलं रूप केवढं वेगळं निघालं, ते सांगताना त्यांचा हात आपसूक कपाळाकडे जातो.

पांढऱ्या प्रायमरचा हात बसतो, वाळतो. मग पिवळा. इथे उन्हाळ्याशी गाठ आहे. डब्याच्या झाकणात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंगाचे चण्याएवढे ठिपके. तरीही मिनिटांत कडा सुकायला लागतात. पोस्टर कलर वाळला तर थेंबभर पाण्यानं पुन्हा कामाला येतो, हा एकदा वाळला की गेला. ब्रशही तसाच. भाचा बोलता बोलता ब्रश पाण्याच्या मगात खळखळवत राहतो, कारण केसांच्या बुडाशी रंग धरला तर तो ब्रश कुंचला न राहता काडी होतो. रंग पातळ करायलाही बेतानं. पाणी जास्त झालं की धरणारा पदार्थच विरळ होतो.

पण आयाळीवर फायदा दिसतो. गडद तपकिरीवर तो सरळ पिवळ्या रेघा ओढतोय, त्यावर केशरी, त्यावर बारीक पांढरी. खालचं काही हलत नाही, प्रत्येक रेघ धारदार. पोस्टर कलरमध्ये एवढं करायचं तर श्वास रोखून एकाच फटक्यात ओढावं लागलं असतं. इथे चुकलं तर वरून सरळ झाकायचं, कारण रंग अपारदर्शक आहे. पुसून काढायची सोय मात्र नाही.

मामा मुखवटा उचलून उजेडात धरतात, मान वाकडी करतात.

“रेघ झाक आहे. पण नुसता चुन्याचा हात मारल्यावानी दिसतंय. देवाच्या तोंडाला तेज नको?”

भाचा म्हणतो, हॅलोजनच्या उजेडात ऑइल पेंट एवढा चमकतो की फोटोत डोळेच दिसत नाहीत.

“फोटोसाठी नाचतंय का कोण? टेंभा जवळ आला की देव लखलखला पाहिजे.”

मला मामांचं पटतं. मॅट रंग कागदावर राजा असेल; नाचत्या मुखवट्याला हलता उजेड झेलायचा असतो. शिवाय या मखमली थराला दोष आहेच. याच रंगानं रंगवलेल्या गणपतीच्या कानावर, जिथे सकाळपासून उचलठेव झाली, तिथे घासून घासून तुकतुकीत डाग पडलाय आणि नखाचा ओरखडा पांढरा उमटलाय. वरून व्हार्निश मारलं तर टिकेल, पण मग मॅटचा आग्रह कशाला?

तोडगा भाचाच काढतो. ऑइल पेंटवर हा रंग बसत नाही, पण हा पुरता वाळला की त्यावर ऑइल पेंट चालतो. चेहरा आणि आयाळ याची. डोळे, दात, जीभ मामांची.

मामा लगेच कोपऱ्यातला लाल ऑइल पेंटचा डबा ओढतात. झाकण घट्ट बसलंय. स्क्रू ड्रायव्हरनं कडेकडेनं उचकटतात, वरची साय काडीनं बाजूला करतात, टर्पेंटाइनचा वास पडवीभर होतो.

“जिभेला हात लावू नको,” ते भाच्याला बजावतात, “तू तो वेताळ काढ गोणपाटातून.”